पत्रकार जेव्हा उत्तर देतो : नभोवाणीवरील पत्रकार-मुलाखतीची चिकित्सा

नभोवाणीवरील मुलाखतीचा विचार मराठीत झाला तो बहुतांशी साहित्यिक, कलावंत आणि लोकनेते यांच्या मुलाखतींच्या संदर्भात. पत्रकाराची मुलाखत या प्रकाराकडे मात्र समीक्षेचे लक्ष फारसे गेलेले नाही. ती वृत्तविभागाची दैनंदिन गरज मानली गेली आणि दैनंदिन गरजेच्या गोष्टींना वाङ्मयीन वा वैचारिक चिकित्सेचा मान सहसा मिळत नाही. वस्तुतः सामाजिक-राजकीय प्रश्नांवर पत्रकाराला बोलते करणे हा नभोवाणीवरील सर्वांत गुंतागुंतीचा संवादप्रकार आहे. पत्रकार हा मूलतः प्रश्न विचारणारा असतो. त्याच्यासमोर मायक्रोफोन ठेवून दुसरेच कोणी त्याला प्रश्न विचारू लागले, की त्याची भूमिका पालटते. तो वार्ताहर म्हणून बोलतो, साक्षीदार म्हणून की भाष्यकार म्हणून, हे श्रोत्याला सांगणारे कोणतेही बाह्य चिन्ह नभोवाणीवर नसते. वृत्तपत्रात बातमी आणि अग्रलेख यांची पाने वेगळी असतात. नभोवाणीवर आवाज एकच असतो.

प्रस्तुत लेखात या प्रकाराची चिकित्सा मुख्यतः एका प्रसंगाच्या आधारे केली आहे. हा प्रसंग ब्रिटनमधील आहे. त्याची निवड करण्याचे कारण असे, की नभोवाणीवरील एखाद्या पत्रकार-मुलाखतीची इतकी बारकाईने, शब्दशः आणि न्यायालयीन पद्धतीने तपासणी अन्यत्र क्वचितच झाली असेल.

सकाळचे सहा वाजून सात मिनिटे

बीबीसी रेडिओ फोर या वाहिनीवरील ‘टुडे’ हा प्रातःकालीन कार्यक्रम १९५७ पासून चालू आहे. ब्रिटनमधील राजकीय दिवसाची सुरुवात त्याने होते असे मानले जाते. २९ मे २००३ रोजी सकाळी ६ वाजून ७ मिनिटांनी या कार्यक्रमात निवेदक जॉन हम्फ्रीज यांनी बीबीसीचेच संरक्षणविषयक वार्ताहर अँड्र्यू गिलिगन यांच्याशी संवाद साधला. अशा संवादाला तेथील व्यावसायिक बोलीत ‘टू-वे’ म्हणतात. बाहेरच्या पाहुण्याऐवजी संस्थेतल्याच वार्ताहराला निवेदक प्रश्न विचारतो आणि उत्तरांतून बातमी उलगडत जाते.

विषय इराक युद्धाचा होता. ब्रिटिश सरकारने २४ सप्टेंबर २००२ रोजी इराकच्या सर्वसंहारक शस्त्रांविषयी एक दस्तऐवज प्रसिद्ध केला होता. त्यात ही शस्त्रे आदेशानंतर ४५ मिनिटांत वापरता येतील असे विधान होते. हे विधान पंतप्रधान कार्यालयाच्या सांगण्यावरून दस्तऐवज अधिक ‘चटकदार’ करण्यासाठी घालण्यात आले, असे आपल्याला त्याच्या सिद्धतेत सहभागी असलेल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने सांगितल्याचे गिलिगन म्हणाले. एवढ्यावर ते थांबले असते तर पुढचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता. परंतु हे विधान चुकीचे असल्याचे ते समाविष्ट करण्यापूर्वीच सरकारला बहुधा ठाऊक होते, असेही ते बोलून गेले. त्या वेळी ते आपल्या घरून बोलत होते आणि त्यांच्यासमोर लिखित मजकूर नव्हता. त्याच सकाळी साडेसातच्या सुमारास हीच बातमी त्यांनी पुन्हा दिली, ती मात्र लिहून काढलेल्या मजकुरावरून. त्यात हे वाक्य नव्हते.

त्यानंतरच्या घटना सुपरिचित आहेत. सरकारने आरोप फेटाळला, बीबीसी वार्ताहराच्या पाठीशी उभी राहिली आणि वाद चिघळला. माहितीचा स्रोत म्हणून संरक्षण मंत्रालयातील शस्त्रास्त्रतज्ज्ञ डॉ. डेव्हिड केली यांचे नाव उघड झाले. १५ जुलै रोजी त्यांना संसदीय समितीसमोर जाहीर साक्ष द्यावी लागली. १७ जुलै रोजी ते घरातून फिरावयास म्हणून बाहेर पडले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृतदेह आढळला. लॉर्ड हटन यांच्या चौकशीचा अहवाल २८ जानेवारी २००४ रोजी प्रसिद्ध झाला. तीन दिवसांच्या आत बीबीसीचे अध्यक्ष गॅव्हिन डेव्हिस, महासंचालक ग्रेग डाइक आणि स्वतः गिलिगन यांनी राजीनामे दिले.

या प्रकरणावर जे विपुल लेखन झाले, त्याचा भर सरकार आणि बीबीसी यांच्यातील संघर्षावर राहिला. संवादप्रकाराच्या दृष्टीने पाहिल्यास काही वेगळ्या गोष्टी नजरेत भरतात.

पहिली गोष्ट संबोधनाची. हम्फ्रीज यांनी या संवादात गिलिगन यांना ‘अँडी’ असे संबोधले. मंत्र्यांना कोंडीत पकडणारा, त्यांचे वाक्य मध्येच तोडणारा मुलाखतकार अशी हम्फ्रीज यांची ख्याती होती. सहकारी समोर येताच तोच आवाज सैल झाला. संबोधनातला हा घरगुतीपणा निरुपद्रवी भासतो, परंतु त्यामुळे दोन बोलणाऱ्यांमधले आवश्यक अंतर नाहीसे होते. मुलाखत घेणारा आणि देणारा एकाच संस्थेचे, एकाच कार्यक्रमाचे आणि एकाच बाजूचे ठरतात. उलटतपासणी करणाऱ्या वकिलाने साक्षीदाराच्या खांद्यावर हात टाकून प्रश्न विचारावेत, तसा हा प्रकार होय.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे आश्चर्यकारक दुर्लक्ष झाले आहे. गिलिगन यांनी तो गंभीर आरोप केल्यानंतर हम्फ्रीज यांनी विचारलेला प्रश्न असा होता, की युद्ध लढून आणि जिंकून झाल्यावर, इतक्या महिन्यांनंतर, या साऱ्याला आता काही महत्त्व उरते काय? प्रश्न बातमीच्या महत्त्वाविषयी होता. तिच्या पुराव्याविषयी नव्हता. सूत्राने नेमके हेच शब्द वापरले काय, की हा तुमचा निष्कर्ष आहे, असा एक साधा प्रश्न त्या क्षणी आला असता, तर गिलिगन यांना आपले वाक्य तेथल्या तेथे सावरता आले असते. एखादा मंत्री असे विधान करून गेला असता तर हा प्रश्न हम्फ्रीज यांनी विचारल्याशिवाय सोडला नसता. सहकाऱ्याच्या बाबतीत तो सुचला नाही, याचे कारण व्यक्तीत जितके आहे तितकेच प्रकारात आहे. ‘टू-वे’मधील प्रश्न हा बहुधा खरा प्रश्न नसतोच. पुढच्या परिच्छेदाचे दार उघडून देणारी ती एक सोय असते. मुलाखतीचा वेश घेतलेले ते वार्तापत्र असते आणि श्रोता मात्र त्या वेशावर विश्वास ठेवतो.

हटन अहवालाने केली आणि गिलिगन यांच्यात नेमके काय बोलणे झाले याविषयी निश्चित निष्कर्ष काढता येत नाही असे मान्य केले. तथापि, ते विधान चुकीचे असल्याचे सरकारला बहुधा ठाऊक होते असे केली यांनी सांगितले नव्हते, याविषयी चौकशीची खात्री पटली. बीबीसीच्या संपादकीय व्यवस्थेवर अहवालाने सदोषतेचा ठपका ठेवला. सरकारवर मात्र त्या मानाने काहीच ठपका आला नाही, म्हणून अहवालावर एकतर्फीपणाची टीका झाली आणि ती निराधार म्हणता येणार नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये आलेल्या लॉर्ड बटलर यांच्या अहवालाने ४५ मिनिटांचे विधान कोणत्या शस्त्रांविषयी आहे हे स्पष्ट न करता दस्तऐवजात घालावयास नको होते, असे नमूद केले. म्हणजे बातमीचा गाभा बऱ्याच अंशी टिकला आणि एक वाक्य टिकले नाही. ‘टुडे’चे संपादक केव्हिन मार्श यांनी जून २००३ मध्ये अंतर्गत पत्रव्यवहारात याच आशयाचे मत नोंदवले होते. शोध चांगला होता, पण तो मांडताना भाषा ढिली वापरली गेली, असे त्यांचे म्हणणे होते. हे पत्र चौकशीत उघड झाले तेव्हा ते बीबीसीला अडचणीचे ठरले. समीक्षेच्या दृष्टीने पाहता त्या साऱ्या प्रकरणातले ते सर्वांत नेमके वाक्य होते.

ढिली भाषा हा नभोवाणीवरील उत्स्फूर्त बोलण्याचा स्वभावच आहे, असे समर्थन येथे केले जाईल. ते अंशतः खरे आहे. ‘बहुधा’, ‘म्हणजे’, ‘तसे पाहिले तर’ यांसारखे शब्द बोलताना वाक्याला आधार देतात, अर्थाला नव्हे. लिहिताना हेच शब्द विधानाची मर्यादा आखतात. गिलिगन यांच्या त्या वाक्यातला ‘बहुधा’ बोलण्याच्या ओघात आला होता, तो सरकारी वकिलांनी लिखित शब्दासारखा वाचला. येथे मौखिक आणि लिखित भाषेचे दोन कायदे एकमेकांवर आदळले. तरीही एवढ्याने पत्रकाराची सुटका होत नाही. कारण त्या वाक्यात गिलिगन यांचा आवाज एकटा नव्हता, नाव न सांगता येणाऱ्या एका माणसाचा आवाज त्यांनी आपल्या मुखातून ऐकवला होता. स्वतःच्या मताविषयी ढिले बोलण्याचा अधिकार कोणालाही आहे. दुसऱ्याच्या वतीने बोलताना तो उरत नाही, विशेषतः तो दुसरा पुढे येऊन ‘मी असे म्हणालो नव्हतो’ असे सांगू शकत नसेल तेव्हा. डॉ. केली यांना संसदीय समितीसमोर बसून दुसऱ्याच्या तोंडून बाहेर पडलेल्या शब्दांशी आपले नाते काय, हे सांगण्याची वेळ आली.

बीबीसीने माजी वृत्तप्रमुख रोनाल्ड नील यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जून २००४ मधील तिच्या अहवालात टिपणे अचूक ठेवणे, आरोप संबंधितांसमोर आधी मांडणे यांबरोबरच एक शिफारस अशी होती, की गंभीर अथवा बदनामीकारक आरोप असलेली बातमी सर्वसाधारणपणे थेट ‘टू-वे’मधून प्रथम फोडू नये. शिफारस योग्यच होती, पण ती अपुरी होती. तिचा रोख उत्तर देणाऱ्याकडे होता. प्रश्न विचारणाऱ्याने आपल्याच सहकाऱ्याला परक्यासारखे प्रश्न विचारण्याची शिस्त अंगी बाणवली पाहिजे, हा मुद्दा त्या मानाने मागे पडला.

संपादित संवाद

याच वर्षी अमेरिकेतील नभोवाणीवर याहून वेगळ्या प्रकारचा पेच उभा राहिला. फिलाडेल्फियातील ‘डब्ल्यूएचवायवाय’ या केंद्रावरून टेरी ग्रोस १९७५ पासून ‘फ्रेश एअर’ हा मुलाखतींचा कार्यक्रम सादर करीत आल्या आहेत. १९८७ पासून तो नॅशनल पब्लिक रेडिओमार्फत दररोज देशभर ऐकवला जातो. लेखक, नट, संगीतकार यांच्याबरोबरच दीर्घ शोध घेऊन ग्रंथ लिहिणारे पत्रकार हे त्यातले नेहमीचे पाहुणे. दहशतवाद, तुरुंग, निवडणुकीतला पैसा अशा विषयांवर एखाद्या वार्ताहराने चार-पाच वर्षे खर्ची घातलेली असतात आणि त्याला सविस्तर बोलू दिले जाते. मुलाखत आधी ध्वनिमुद्रित होते आणि मग संपादित होते. पाहुणा बहुधा दुसऱ्या शहरातल्या ध्वनिकक्षात असतो, त्यामुळे बोलणारे एकमेकांना दिसतही नाहीत. एखाद्या खाजगी प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे नसल्यास तसे सांगण्याची मुभा ग्रोस पाहुण्याला आरंभीच देतात. वाक्य चुकले तर ते पुन्हा बोलता येते. ६ वाजून ७ मिनिटांचे ते वाक्य या पद्धतीत बहुधा प्रसारितच झाले नसते.

ही पद्धत अधिक सभ्य आहे, आणि विचार मांडण्यासाठी अधिक योग्यही आहे. पण संपादनाची सत्ता एकाच पक्षाकडे असते हे विसरता येत नाही. ऑक्टोबर २००३ मध्ये दूरचित्रवाणीवरील भाष्यकार बिल ओ’रायली आपल्या नव्या पुस्तकाच्या निमित्ताने या कार्यक्रमात आले होते. प्रश्नांचा रोख आपल्यावर टीका करणारांचीच बाजू मांडण्याचा आहे, असा आक्षेप घेऊन ते मुलाखत अर्धवट सोडून निघून गेले. त्यानंतर ग्रोस यांनी एक टीकात्मक परीक्षणातला उतारा वाचून दाखवला. त्याला उत्तर द्यावयास समोर कोणी नव्हते. नॅशनल पब्लिक रेडिओचे लोकपाल जेफ्री ड्वॉर्किन यांनी आपल्याच संस्थेच्या या कृतीवर जाहीर टीका केली आणि रिकाम्या खुर्चीला उद्देशून बोलणे अन्याय्य असल्याचे मत नोंदवले.

ओ’रायली यांच्याविषयी सहानुभूती वाटण्याचे काही कारण नाही. इतरांना अर्ध्यावर तोडण्यातच त्यांची ख्याती होती. तरीही ड्वॉर्किन यांचा आक्षेप मान्य करावा लागतो. लंडनमध्ये मुलाखतकार सहकाऱ्याशी अतिसलगीने वागला, फिलाडेल्फियात विरोधी मताच्या पाहुण्याशी ती सलगी संपली. दोन्हीकडे प्रश्न विचारणाऱ्याचे अंतर चुकले, एका ठिकाणी ते फार कमी पडले, दुसऱ्या ठिकाणी फार वाढले. फरक इतकाच, की फिलाडेल्फियात चुकीची किंमत एका लोकप्रिय भाष्यकाराच्या रागापुरती होती. शिवाय संस्थेतच बसून संस्थेला दोष देणारा एक पदाधिकारी तेथे होता. बीबीसीने मात्र आपल्या वार्ताहराचा बचाव आधी केला आणि त्याची टिपणे नंतर तपासली.

संहितेचे दोन अर्थ

आकाशवाणीच्या संदर्भात हा सारा विचार वेगळ्या अंगाने करावा लागतो. मराठीत ‘संहिता’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. नाटकाची वा भाषणाची लिखित प्रत ही संहिता आणि आचाराचे नियम हीदेखील संहिताच. आकाशवाणीवर हे दोन्ही अर्थ एकत्र नांदत आले. वक्त्याने आपले भाषण लिहून आधी सादर करावे, ते तपासले जावे आणि मग वाचले जावे ही तेथील जुनी रीत. त्या तपासणीचा आधार म्हणजे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आकाराला आलेली प्रसारण-संहिता. मित्रराष्ट्रांवर टीका, धर्म वा समाजावर हल्ला, राष्ट्रपती, राज्यपाल व न्यायसंस्था यांच्या सचोटीवर शिंतोडे, एखाद्या राजकीय पक्षावर नाव घेऊन हल्ला, केंद्र वा राज्य सरकारवर शत्रुत्वाची टीका या गोष्टी तिने वर्ज्य ठरवल्या. यातल्या काही अटी कोणत्याही सभ्य प्रसारणाला मान्य व्हाव्यात अशा आहेत. पण पक्षाचे नाव न घेता आणि सरकारवर कठोर टीका न करता राजकीय प्रश्नावर पत्रकाराने बोलावे कसे, हा प्रश्न उरतोच. अशा मुलाखतीत ६ वाजून ७ मिनिटांची चूक घडण्याचा संभव नव्हता. ४५ मिनिटांच्या विधानाचा शोधही त्यातून लागला नसता.

आणीबाणीने ही मर्यादा उघडी पाडली. २६ जून १९७५ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी आणीबाणीची घोषणा आकाशवाणीवरूनच देशाला सांगितली. माहिती व नभोवाणी खाते इंद्रकुमार गुजराल यांच्याकडून काढून विद्याचरण शुक्ल यांच्याकडे देण्यात आले. सेन्सॉरशिपच्या अटी न स्वीकारल्यामुळे बीबीसीचे मार्क टली यांना देश सोडावा लागला. त्या काळात आपल्याच देशातील बातमी ऐकण्यासाठी कितीतरी श्रोत्यांनी रेडिओचा काटा बीबीसीकडे वळवला. जनता राजवटीत बी. जी. व्हर्गीज यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७८ मध्ये ‘आकाशभारती’ या स्वायत्त न्यासाची शिफारस केली. समितीचा अध्यक्ष स्वतः एक नामवंत संपादक होता, ही गोष्ट बोलकी आहे. प्रसारभारती कायदा १९९० मध्ये संमत झाला, पण तो अमलात यावयास १९९७ साल उजाडले.

तत्पूर्वी ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगालच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक संपत्ती असल्याचा निर्णय दिला. या निकालपत्राचे एक लेखक न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे पुढे भारतीय वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्ष झाले. निकालाचा तर्क पाहता श्रोत्याला अनेक स्रोतांतून माहिती मिळणे हा त्याच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग ठरतो. प्रत्यक्षात २००१ पासून खाजगी एफएम केंद्रे सुरू झाली ती बातम्यांना मनाई असलेल्या अवस्थेत. २०११ च्या धोरणाने त्यांना आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकवण्याची मुभा दिली. स्वतःचा वार्ताहर नेमून त्याला दोन प्रश्न विचारण्याची दिली नाही. त्याच मालकाच्या वृत्तपत्रात आणि दूरचित्रवाहिनीवर जो पत्रकार मुक्तपणे बोलतो, त्याने एफएमच्या ध्वनिकक्षात पाऊल ठेवताच गाणी आणि वाहतुकीची कोंडी यांविषयीच बोलावे, या व्यवस्थेचे तार्किक समर्थन कठीण आहे. गिलिगन प्रकरणाचा दाखला देऊन हे समर्थन करण्याचा मोह होईल. परंतु त्या प्रकरणात चूक शोधली गेली, कबूल केली गेली आणि तिची किंमत संस्थेच्या सर्वोच्च पदाधिकाऱ्यांनी मोजली. हे घडू शकले, कारण चूक करण्याइतके स्वातंत्र्य तेथे होते.

येथे पुराव्याचाही एक प्रश्न आहे. ६ वाजून ७ मिनिटांचा तो संवाद आज अभ्यासता येतो तो चौकशीने त्याची शब्दशः प्रत तयार केली म्हणून. एरवी नभोवाणीवरील बोलणे हवेत विरते आणि त्याची समीक्षा आठवणीवर विसंबून राहते. मराठीत नभोनाट्याच्या संहिता ग्रंथरूपाने उपलब्ध आहेत, पण पत्रकारांच्या नभोवाणी-मुलाखतींचे असे संकलन नसल्यात जमा आहे. त्यामुळे आपल्याकडील मुलाखतकाराने कोणता प्रश्न विचारला नाही, हे सांगण्याचे साधनच अभ्यासकाच्या हाती नाही.

डिसेंबर २००२ पासून शैक्षणिक संस्थांना आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक नभोवाणी केंद्र चालवण्याची परवानगी मिळू लागली. सातारा जिल्ह्यातील म्हसवडसारख्या दुष्काळी टापूतही असे केंद्र उभे राहिले. तालुक्याच्या ठिकाणचा वार्ताहर अशा केंद्रावर येऊन बोलू लागला, तर विहिरींची पातळी, चारा-छावणी, पाण्याच्या खेपा यांविषयी त्याच्याइतके नेमके दुसरे कोणी सांगू शकणार नाही. परंतु २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम या केंद्रांना वर्ज्य ठरवले. गावात टँकर किती दिवसांनी येतो, हे अशा केंद्रावरच्या विद्यार्थी-निवेदकाने वार्ताहराला खुशाल विचारावे. टँकर कोणाचा, हा त्यापुढचा प्रश्न आला, की मार्गदर्शक तत्त्वांची प्रत उघडून पाहावी लागते.